मालूमावशी, नवा भाग आला

मालूमावशी,

नवा भाग आला. तू गेलीस त्याच्या पंधराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी साडेबाराला आला. सव्वा वर्ष वाट बघितलीस गो, आणि पंधरा दिवसांनी चुकलीस.

आपल्या मालिकेच्या ग्रुपवर त्या दिवशी नुसता दंगा होता. कोणी रडत होतं, कोणी दिग्दर्शकाला शिव्या घालत होतं. कोल्हापूरच्या त्या दातांच्या डॉक्टरांनी दुपारचा दवाखाना बंद ठेवून भाग बघितला आणि लिहिलं, ‘आज कुणाचा दात काढला असता तर नक्की चुकीचा काढला असता.’ आणि या सगळ्याच्या मधूनमधून एकच विचारणा. रोह्याची मावशी कुठे आहे? मावशी, बोला ना. मावशी बोलल्याशिवाय भाग संपल्यासारखा वाटत नाही.

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांत मी सगळ्यांना कळवलं, तुझ्या ब्लाऊजच्या गिऱ्हाइकांना, कासूच्या तुझ्या नणंदेला, वडखळच्या त्या कापडवाल्याला. फक्त या दोनशे माणसांना कळवायला हात उचलला नाही. त्यांच्यापाशी तू अजून होतीस. ती एक जागा मला तशीच ठेवायची होती.

सगळी सुरुवात तुझ्या पायाने झाली. बाजारातल्या पायरीवरून घसरलीस, पाय प्लॅस्टरमध्ये गेला, शिलाई मशीन बंद झाली. जन्मात कधी दुपारी आडवी न झालेली बाई दिवसभर पलंगावर. मी पेणहून तुला बघायला आले तेव्हा तू छताकडे बघत होतीस आणि काका शेजारी बसून पेपर वाचत होते, दोघंही वैतागलेले. मी टीव्हीवर ‘धूमकेतूचे वारस’ लावून दिली, हिंदीतली. मी स्वतः बघत होते म्हणून, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

“मला कशाला ते उडणारं? साधं काय तरी लाव,” तू म्हणालीस.

“एक भाग बघ, मग बदलते.”

मी चहा करून आले तर तू उशीला टेकून ताठ बसली होतीस. “हे जेवतात काय गो?”

“कोण?”

“हे सगळे. तीन ग्रह फिरले, मारामाऱ्या केल्या, एक माणूस चुलीजवळ गेला नाय.”

त्या दिवशी तू चार भाग बघितलेस. धूमकेतूच्या शेपटीतून एक अख्खं कुळ जहाजातून फिरतंय, त्यांचा तरुण कप्तान ओझिम, आणि त्याची म्हातारी आई थेवा, जिला ताऱ्यांमधल्या सगळ्या वाटा पाठ आहेत. ओझिमचं तुला फार कौतुक नव्हतं. थेवा मात्र पहिल्याच दिवशी तुझी झाली. “ती नकाशा बघत नाय, बघितलंस? बाबा पण खाडीत होडी घालायचे तर असेच.” तुमचे बाबा, माझे आजोबा, मिठागरातले. मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. तू एका परक्या ग्रहावरच्या बाईकडे बोट दाखवून मला ते दाखवत होतीस.

मग तुझे फोन सुरू झाले. मी तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात कुणाचा तरी अर्ज टाइप करत असायची आणि तू रोह्याहून बोललेला व्हॉइस मेसेज येऊन पडायचा. पाच-पाच मिनिटांचा. त्यात मालिका, त्यातच दूधवाला आला म्हणून ‘थांब हां’, मग परत मालिका. थेवाचा झगा बघून तू म्हणालीस, “तो झगा नवा नाय. पोराच्या लहानपणीच्या कपड्यातनं शिवलाय. बाहीला जोड दिलाय तो बघ, कापड पुरलं नाय म्हणून.” मी हसले होते. चार महिन्यांनी ग्रुपवर कुणीतरी शोधून काढलं की मालिकेच्या कपडेपटवाल्यांनी खरंच तसं ठरवून केलं होतं. तेव्हापासून ग्रुपवर तुझ्या शब्दाला वजन आलं.

ग्रुपचं नाव ‘मराठी वारस’. एकदा माझ्या स्क्रीनवर ते नाव बघून गागोद्याकडचे एक आजोबा विचारत होते, सातबाऱ्यावर वारस लावायचं काम इथंच होतं काय. तुला हे सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की काका आतून विचारत आले, काय झालं.

त्या ग्रुपवर तुझं बोलणं मी लिहून टाकायची. ‘रोह्याची मावशी म्हणते’ असं वर लिहायचं आणि खाली तुझी प्रतिक्रिया. आणि इथंच मी चुकले. तुला समोरासमोर कधी बोलले नाही ते आता बोलते.

माझं कामच ते. माणसं माझ्यासमोर बसून रडतात, भांडतात, ‘माझ्या दिरानं मला घरातनं बाहेर काढलं’ म्हणतात, आणि मी टाइप करते, ‘अर्जदार यांना राहत्या घरातून बेदखल करण्यात आले आहे.’ पंधरा वर्षं हेच करते आहे. तुझ्या बोलण्याचंही मी तेच करत होते. तुझं ‘नाय’ मी ‘नाही’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’ केलं. दूधवाला काढून टाकला. मला वाटायचं मी तुला नीटनेटकं करून लोकांसमोर ठेवते आहे. खरं सांगू? मला थोडी लाजही वाटायची. ग्रुपवर पुण्याचे, नाशिकचे इंजिनीअर होते.

गेल्या वेळच्या शेवटच्या भागात ओझिमने जहाजाचा दरवाजा बंद केला. फुटलेल्या चंद्रावर थेवा बाहेर राहिली. ती काचेपाशी आली, तळहात वर केला, आणि जहाज निघून गेलं. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. संपला भाग.

ग्रुप दुभंगला. मी म्हणत होते, तो तिला टाकून पळाला. तू मानायला तयार नव्हतीस.

“तिनं त्याला जा सांगितलं. हात बघ तिचा.”

“मावशी, ती त्याला थांबवते आहे. कोणीही थांबवेल.”

“तू कधी खांडीवर उभी नाय राहिलीस, म्हणून तुला वाटतं.”

आणि मग तो व्हॉइस मेसेज. सात मिनिटांचा. मी तो आजपर्यंत पुसलेला नाही.

तू नऊ वर्षांची होतीस. उधाणाचं पाणी चढलं आणि मिठागराचा बांध फुटला. बांधाला पाण्याने पाडलेल्या त्या तोंडाला तुम्ही खांड म्हणता. आजी खांडीच्या पलीकडे अडकली. अलीकडे तू, आणि तुझ्या कडेवर चार वर्षांची माझी आई. पाण्याच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आजीने तळहात वर केला. तू बहिणीला घेऊन गावाकडे धावत सुटलीस. मागे वळून बघितलं नाहीस. आजी बांधाच्या दगडांना धरून राहिली, आणि ओहोटी लागल्यावर माणसांनी तिला आणली. ती पुढे तीस वर्षं जगली. “पण मी गेले ना गो तिला सोडून,” तू म्हणालीस, आणि मग मशीनवरची कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि तू म्हणालीस, “ती जा म्हणाली म्हणून गेले. थेवापण तेच म्हणतेय. लिही तू.”

मी लिहिलं. ‘माझ्या आईने हस्तसंकेताने मला सुरक्षित स्थळी निघून जाण्यास सुचवले.’

ग्रुपवरचं ते मी तुलाही पाठवलं आणि तू वाचलंस. दुसऱ्या दिवशी मला फोन केलास. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

“शुभांगी,” एरवी शुभे म्हणणारी तू पूर्ण नाव घेऊन म्हणालीस, “ही कोण बाई हाय?”

“तूच ना. मी फक्त शुद्ध केलं.”

“माझी आई अशी बोलत नव्हती. मी बोलत नाय. माझं मेलं-जगलेलं तू कचेरीत नेऊन दिलंस.”

त्यानंतर तू मला मालिकेबद्दल एक शब्द पाठवला नाहीस. शेजारच्या पोराकडून शिकून घेतलंस आणि ग्रुपवर स्वतः आलीस, स्वतःच्या आवाजात. पहिल्या दिवशी कोणीतरी तुझ्या ‘हाय’ची नक्कल केली. तू त्याला म्हणालीस, “बाळा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, ती पण घरात अशीच बोलत असंल.” तो माफी मागून गेला. महिन्याभरात ग्रुप तुझा झाला होता. लातूरची प्राची तुझा आवाज ऐकत स्वयंपाक करायची. मी पण ऐकायची, दुकानात, कानात घालून. सगळ्यांसारखी. मी फक्त ऐकणाऱ्यांतली एक झाले होते.

आपण बोलत नव्हतो असं नाही. गौरीला तू आमच्याकडे आलीस, मला ब्लाऊज शिवलास, वालाचं बिरडं आईला नावं ठेवत दोनदा घेतलंस. निघताना रिक्षात बसल्यावर म्हणालीस, “नवा भाग येऊ दे, मग बघू कोण खरं.” मी हो म्हणाले. तेव्हाच म्हणायला हवं होतं की मावशी, माझं चुकलं. मला वाटलं, भाग आला की एकत्र बघू आणि तेव्हा सांगू. मग एका सकाळी तू देवाची फुलं काढत होतीस आणि तिथेच बसलीस आणि उठली नाहीस, असं काकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, आता भाग एकत्र बघायचा राहिला. किती लाज वाटली ते आल्याची.

तेरावं झालं. तुझा लेक सुनीलदादा बडोद्याला परत गेला. शनिवारी काकांचा फोन आला.

“शुभांगी, हिचा फोन कालपास्नं वाजतोय. कोण कोण माणसं हायत. मला ते उघडता येत नाय, आणि बंद करवत नाय.”

“काका, नवा भाग आलाय. ते तिला विचारतायत.”

“ठाऊक हाय. हिनं कॅलेंडरवर खडूनं खूण करून ठेवलीय.” मग म्हणाले, “तू येतेस? मी एकटा बसून काय बघू?”

रविवारी सकाळच्या गाडीने निघाले. कासू, नागोठणे, रोहा. कापणी झालेली शेतं दोन्ही बाजूंना. फोन पिशवीत तळाशी ठेवला होता, ग्रुपवर कोणीतरी काहीतरी फोडेल म्हणून. दोन दिवस मी तो भाग टाळला होता. मला तो तुझ्या घरात, तुझ्या टीव्हीवरच बघायचा होता.

काकांनी टीव्ही पुसून ठेवला होता. जन्मभर कंपनीत शिफ्ट करून आलेला माणूस, मालिका कधी बघितली नाही. तू बघायचीस तेव्हा ते ओटीवर बसायचे. तुझ्या मशीनवर चादर घातली होती. काका खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मला काय कळणार नाय. तू मधीमधी सांग.”

मी सांगत गेले. हा ओझिम. हे त्याचं जहाज. ही त्याची आई, मावशीची आवडती. काका मान हलवत होते. आणि मग, मावशी, विसाव्या मिनिटाला तो दरवाज्याचा प्रसंग परत आला. या वेळी बाहेरून, थेवाच्या बाजूने. या वेळी तिचा आवाज ऐकू आला.

ती म्हणत होती, थांब. ओझिम, थांब रे. ती काचेवर हात आपटत होती. त्याने ते बघितलं, डोळे मिटले, आणि पाठ फिरवली.

मी जिंकले होते. सव्वा वर्ष ज्यावरून भांडलो ते माझ्या बाजूने लागलं होतं. सांगायला कोणी नव्हतं. मी तुझ्या पलंगाकडे बघितलं, घडी घातलेल्या गोधडीकडे, आणि मला वाटलं, देवा, मी हरू दे. ती इथे बसून मला चिडवू दे.

काकांनी रिमोट मागितला आणि भाग थांबवला. बटण त्यांना पहिल्याच झटक्यात सापडलं.

“बरं झालं,” ते म्हणाले, “हिनं हे बघितलं नाय.”

“का?”

“लग्न झाल्यापास्नं विचारायची मला. भाकऱ्या करताना, कपडे वाळत घालताना, कधीपण. तुम्ही सांगा, बाई असा हात करते तेव्हा जा म्हणते का थांब म्हणते? मी काय सांगू? मी कुठे होतो त्या खांडीवर? मी म्हणायचो, जा म्हणते. तर म्हणायची, तुम्ही माझं मन राखायला बोलता.”

“आजीला का नाही विचारलं तिनं? आजी होती की.”

“घाबरायची. म्हणायची, आई थांब म्हणाली असली तर?”

मावशी, मला वाटत होतं तुला खात्री आहे. इतक्या ठामपणे भांडायचीस. दोनशे लोकांना पटवत होतीस, मला पटवत होतीस, आणि प्रत्येक वेळी कोणी तुझ्या बाजूने लिहिलं की तू त्याला मुद्दाम उत्तर द्यायचीस, ‘व्हय ना? तुलापण तसंच वाटतं ना?’ मी ते ऐकलं होतं. मला वाटलं होतं तू खूश होतेस.

उरलेला भाग आम्ही बघितला. थेवा जिवंत राहते, हे मी तुला सांगून ठेवते. त्या चंद्रावरची माणसं तिला घेऊन जातात, शेकोटीपाशी बसवतात आणि एक वाडगा देतात. काका म्हणाले, “चला, जेवली एकदाची.” तू त्यांना ते बोलून दाखवलं होतंस, मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं हसलो, आणि मग काका उठून ओटीवर गेले, ते बराच वेळ आत आले नाहीत.

संध्याकाळी मी पेणला आले तेव्हा आई वाल सोलत बसली होती. तुझी सुमी. तू गेल्यापासून ती फारशी बोलत नाही, कामात हात घालून बसते. मी तिला सगळं सांगितलं. मालिका, तळहात, काका काय म्हणाले ते. ती ऐकत होती. शेवटी तिचे हात थांबले.

“तिला ठाऊक नव्हतं?”

“काय?”

“आई मला किती वेळा बोलली असंल. मालू एक शब्द ऐकायची नाय कधी, पण त्या दिवशी हात केला नि पोर सुटली. तिनं तेव्हा ऐकलं नसतं तर तिघी गेलो असतो. आई म्हणायची, मी तिथं दगडाला धरून बघत होते, तुम्ही दोघी दिसेनाशा झालात तेव्हा मला हायसं वाटलं.”

“मग मावशीला का नाही सांगितलं तिनं? तू का नाही सांगितलंस?”

“आई तोंडावर कुणाचं कौतुक करायची नाय. आणि मी...” आईने सोललेले वाल पुढे ओढले. “मला वाटलं हे तिचंच हाय. तिच्या जन्मातलं. मी कडेवर होते गो, मी तिला काय सांगणार?”

इतकंच होतं, मावशी. पेण आणि रोहा, मध्ये दोन-तीन स्टेशनं. तुझं उत्तर आमच्या स्वयंपाकघरात होतं, आयुष्यभर. तू येत होतीस, बिरडं खात होतीस, परत जात होतीस. मालिकेत तू चुकलीस. खांडीवर नाही चुकलीस. हे सांगायलाच मी हे लिहायला बसले.

ग्रुपला मी सोमवारी कळवलं. आधी टाइप केलं, ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की,’ आणि ते वाचून मला तुझा फोन आठवला. पुसलं. बोलायचं बटण दाबलं आणि माझ्या तोंडात आलं तसं बोलले, की मावशी गेली. रोह्याची आपली मावशी गेली. ती भाग बघायला नाय राहिली. ‘नाय’च म्हणाले मी, आपोआप.

दहा मिनिटं गेली. मग लातूरच्या प्राचीने तुझाच एक जुना व्हॉइस मेसेज परत टाकला. मग डॉक्टरांनी त्यांच्या आवडीचा एक. मग एकामागून एक, ज्याच्या त्याच्या जवळ जपून ठेवलेला. शब्द कोणाचेच नाहीत, नुसता तुझा आवाज, किती तरी वेळ. माझ्या दुकानात बसलेली बाई विचारत होती, माझा अर्ज झाला का, आणि मी तिला थांब म्हणाले आणि ऐकत राहिले.

घरी जाऊन आईला ऐकवलं. तिच्याकडे तो बटणांचा फोन, तिने यातलं काही कधी ऐकलेलं नव्हतं. मी लावलं आणि समोर धरलं, तर तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला.

“ऐकताय ना सगळे?” तू म्हणालीस.

“हां गो मालू, बोल,” आई म्हणाली.

तू कुठल्याशा लढाईबद्दल बोलत होतीस. कोण वाईट वागलं, कोणाला उगाच मारलं. आई मध्येच ‘व्हय’ म्हणत होती, ‘मग?’ म्हणत होती. मी तिला सांगायला गेले की आई, हे आधीचं आहे, तिला ऐकू जाणार नाही, पण बोलले नाही. तू बोलायची थांबलीस. मग आई म्हणाली, “मालू, ऐक. आई तुला जा म्हणाली होती. माझ्याजवळ बोललीय ती. तू गेलीस ते बरं केलंस. माझ्याकडनं सांगायचं राहून गेलं गो.”

फोनचा पडदा केव्हाच काळा झाला होता. आई तो कानाला तसाच घट्ट धरून बसली होती, पलीकडून कोणी काही बोलेल म्हणून.